सिम्युलेटरच्या वॉकीटॉकीवर शौकतभाई

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. केमिकल इंजिनीअर माणूस मी... कुणी भुताचं सांगायला लागलं की चहा घ्यायला उठायचो.

नव्वदच्या दशकाचा शेवट. आखातात, रुवैसच्या एका तेलाच्या प्लांटमध्ये मी कंट्रोल रूममध्ये शिकाऊ ऑपरेटर होतो. कायम व्हायचं तर सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खोट्या प्लांटवर, परीक्षा — इन्स्ट्रक्टर कॉम्प्युटरमध्ये एक बिघाड घालणार, तो आपण ओळखायचा. आमचा इजिप्शियन इन्स्ट्रक्टर शेजारच्या खोलीत बसून वॉकीटॉकीवर फील्डमधला, म्हणजे बाहेर यंत्रांपाशी असणारा, माणूसही स्वतःच व्हायचा. आणि नियम काय, तर आधी माणूस पाठवून पंप बघायचा, मगच हात लावायचा. महिनोन्‌महिने थिअरी शिकवायची आणि डोकं मात्र चालवू द्यायचं नाही!

माझ्या परीक्षेत गरम तेलाच्या पंपाचं प्रेशर वरखाली व्हायला लागलं. मी नियमाप्रमाणे म्हणालो, "फील्ड, चेक द पंप."

उत्तर मराठीत आलं. "विनू, नको रे पाठवू तिथं. सील गेलंय."

आवाज शौकतभाईंचा. आमचे फील्ड ऑपरेटर, रत्नागिरीचे, मला धाकट्या भावासारखं वागवणारे. पण ते तर सुट्टीवर गावी गेले होते! मी गडबडून पंप बंद केला. इन्स्ट्रक्टर तरातरा आत आला. "हबीबी, पंप वॉज फाइन! ओन्ली प्रेशर गेज खराब. खलास, यू फेल." वॉकीटॉकीवर काय बोललास, असं मी विचारलं, तर म्हणे, "आय सेड, ओके, गोइंग." डोकंच फिरलं माझं.

शौकतभाई परतले आणि एके दुपारी खऱ्या पंपाचं प्रेशर तसंच हलायला लागलं. फील्डमध्ये ड्युटीला तेच, कंट्रोल रूममध्ये शिकाऊ म्हणून मी. शिफ्ट इन-चार्ज म्हणाले, "गेज होगा यार, आदमी भेजो."

"नहीं भेजूंगा."

"टेस्ट में भी यही किया था ना तूने?" ते ओरडले.

मी पंप बंद केला आणि वॉकीटॉकीवर किंचाळलो, "शौकतभाई, आहात तिथंच थांबा!" पंप थांबता थांबता सील फुटलं. गेज वाचायला माणूस जिथं उभा राहतो, नेमकं तिथंच उकळतं तेल उडालं.

संध्याकाळी कँटीनमध्ये त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अल्लाची शपथ विनू, मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही. मग मला वाचवलं कुणी रे?" मला रडूच आलं.

त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. कंपनीला मात्र ते लगेच सापडलं, म्हणे माझं निदानच पक्कं... परीक्षेतला माझा 'फेल'चा शेरा तसाच ठेवला आणि पुढच्या बॅचला 'बिघाड अचूक कसा ओळखावा' हे सांगायला मलाच उभं केलं. समोर सगळे पेन उघडून बसलेले. काय सांगणार, कपाळ!