तुम्ही आधी झोपा

चाकणच्या कंपनीत मी टिकलो तो तात्यांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्यांच्या घोरण्याबद्दलच बोलणार आहे.

तात्या खटावकडचे, चिखलीतल्या आमच्या खोलीत सर्वांत जुने. घोरणं असं, की एकदा घरमालक जिना चढून आला. "खोलीत ग्राइंडर बसवलाय का? इथं वर्कशॉप चालणार न्हाई!" आम्ही झोपलेल्या तात्यांकडं बोट दाखवलं.

तात्यांना याची फार लाज. म्हणून थर्ड शिफ्ट संपवून सकाळी सगळे आडवे झाले, की ते उंबऱ्यावर मेथी निवडत बसायचे. म्हणायचे, "तुमी आधी झोपा, मग मी चालू करतो."

मी हिंगोलीकडचा, नववीतून शाळा सोडलेला. पहिल्या आठवड्यात झोपच येईना. डोळे मिटले की घर दिसायचं, उघडले की पत्रा. मशीनवर पेंगलो तर काढून टाकतील, ही धास्ती वेगळीच. पाचव्या दिवशी सकाळी पिशवी भरली. उंबऱ्यावर तात्या.

"कुठं?"

"गावाकडं. झोपच येईना, तात्या."

"मग नुसता पड. तू झोपल्याबिगर मी झोपत न्हाई. मला काय घाई हाय?"

मेथी संपली, त्यांनी लसूण सोलायला घेतला. सालींची ती बारीक कुरकुर ऐकता ऐकता डोळा लागला. जाग आली तेव्हा ग्राइंडर जोरात चालू होता आणि ताटलीत पंधरा दिवस पुरेल एवढा लसूण सोललेला होता. पिशवी मी परत खुंटीला टांगली.

पुढं तात्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. व्याही मुक्कामाला येणार म्हणून तात्यांनी घोरणं बंद करायला घशाला लेझर मारून घेतला. आठ-दहा दिवस नुसत्या पेजेवर काढले. नंतर एका सकाळी खोलीत अशी शांतता, की आम्ही घाबरून उठलो. खोलीतल्या गणपानं त्यांच्या नाकाशी बोट धरलं.

तात्या उसळले, "घोरलो तरी उठवता, न्हाई घोरलो तरी उठवता! लेझर तुमच्या डोक्यावर मारायला पायजे हुता!"

वर्षभर तशीच शांतता. मग मांजर गुरगुरावं तसं सुरू झालं आणि तिसऱ्या दिवाळीला ग्राइंडर जसाच्या तसा. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उतरवलं नाही तर आवाज परत येईल. तात्यांचं पोट मात्र वाढलेलंच. "मेंटेनन्स झालं तरी मशीन परत वाजतंच की," म्हणाले, आणि मेथीची जुडी घेऊन पुन्हा उंबऱ्यावर बसले.

आता ते मुलाकडं चऱ्होलीच्या फ्लॅटात राहतात. परवा फोनवर विचारलं, "झोप लागते का, तात्या?"

"कसली रं! इथं जो तो आपापल्या खोलीत दार लावून. कोण झोपलं, कोण जागं, कळतच न्हाई. मी आपला वाट बघत बसतो."

एक दिवस रजा टाकून चऱ्होलीला जाणार. त्यांच्या दारात बसून किलोभर लसूण सोलायला घेणार आणि सांगणार, "तात्या, आज तुम्ही आधी झोपा. मला काही घाई नाही."