ओल्या चित्राला टेकलेल्या काकू

जुन्या साबण कारखान्यातले चित्रकारांचे स्टुडिओ रविवारी सगळ्यांसाठी उघडे होते. जिथे एकेकाळी हात माखल्याशिवाय काम होत नसे, तिथे आम्ही हात मागे बांधून, सगळं कळल्यासारखे फिरत होतो.

“यात काहीतरी कमी आहे, काय ते कळत नाहीये,” एक तरुण चित्रकार मुलगी आपलं ओलं चित्र दाखवत येईल त्याला काकुळतीने सांगत होती. त्यावरही आम्ही मान डोलावली.

तेवढ्यात मागे सरकणाऱ्या एक काकू चित्राला टेकल्या. पदराच्या जरीची वेल जाड निळ्या रंगात उमटली.

“अगं बाई! बिघडवलं का गं मी?”

मुलगी त्या वेलीकडे बघतच राहिली. मग हसली. “नाही काकू, आता झालं पूर्ण!”

काकूंनी निळा झालेला पदर निरखला. “मग सही कुठे करू?”