गारेचा फोटो

मुरुडच्या बसथांब्यावर गारा थांबल्या, तेव्हा सगळे आपापल्या रानाच्या काळजीत होते. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक पोरगा तेवढा बाहेर धावला. गार उचलून काळ्या छत्रीवर ठेवली आणि कॅमेरा अगदी जवळ नेला. श्वासाच्या उबेनं दोन गारा वितळल्या, म्हणून तिसरीला त्यानं श्वासच रोखला.

"लग्नातल्या अंगठ्यांचे फोटो काढायची लेन्स हाय," मधेच मला म्हणाला.

शेजारच्या मावशींना तो पंचनाम्याचा माणूस वाटला. "साहेब, माझ्या हरभऱ्याचं नुकसान बी लिवा."

"साहेब न्हाई, मावशी. गारेचा फोटो काढतोय."

"माझा हरभरा झोपला आन् तू गारेचे लाड करतूस?"

"हरभरा उद्या बी दिसंल, मावशी. ही आत्ता चालली."

मी आमच्या घरातला पहिला बी.एस्सी., हे मी कुणालाही सांगतो. गारेत थर असतात, असं लिहून मार्क घेतलेले. ते थर त्या दिवशी त्याच्या स्क्रीनवर पहिल्यांदा पाहिले: पांढरा, काचेसारखा, पुन्हा पांढरा.

मावशींनीही वाकून पाहिलं. "देखणी हाय की मुडदी," म्हणाल्या आणि चिखल तुडवत रानाकडे निघाल्या.