गाणी कोणाची ती

वडील डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवायचे आणि मामा बोटीवर होते. मामांनी ब्राझीलच्या बंदरातून आणलेल्या कॅसेटी मी पेडण्याच्या घरी झिजेपर्यंत ऐकल्या. तिकडच्या पोरांनी ऐंशीच्या दशकात स्वस्तातल्या गिटारींवर वाजवलेलं हेवी मेटल होतं ते. खरखरीत, बेफाम, झपाटल्यासारखं. आपणही असंच वाजवायचं, हे मी कॉलेजात ठरवून टाकलं.

म्हापशाचा एक गिटारवाला भेटला. कॅसेटी मी त्याला ऐकवल्या आणि आम्ही बँड काढला. शब्द माझे, चाली बहुतेक माझ्या, आणि घसा खरवडून गायचे तेही मीच. बँडचं नाव होऊ लागल्यावर त्यानं मला बसस्टँडवर चहा पाजला आणि सांगितलं, की या संगीताला बाईचा आवाज शोभत नाही. मी पेडण्याच्या बसमध्ये चढले. थोड्याच दिवसांत माझी गाणी त्याच्या नावावर रेकॉर्ड झाली.

डिचोलीकडच्या लाटंबार्शात माझ्या मैत्रिणीच्या घरची काजूची फेणी गाळायची भट्टी आहे. हंगाम सरला की ती रिकामी असते. तिथं मैत्रीण ड्रमवर, तिचा भाऊ बासवर आणि मी गिटारवर, असा नवा बँड उभा राहिला. गाताना मी त्या गिटारवाल्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचे. आवाज आपोआप चिरत जायचा.

मग म्हापशातल्या एका कार्यक्रमात दोन्ही बँड एकत्र आले. पहिली पाळी त्याची होती. तारा जोडताना त्याच्या गिटारचा अ‍ॅम्प जळाला. लोक ओरडू लागले, तसा तो माझ्याकडे आला.

"तुजो अ‍ॅम्प दी गो, एकाच सेटाक."

"देतंय," मी म्हटलं. "पण आधी माईकवर सांग, ही गाणी कोणाची ती."

त्यानं मैत्रिणीकडे पाहिलं. ती ड्रमच्या काड्या पुसत राहिली. शेवटी तो गेला आणि माईकवर पुटपुटला. मागच्यांनी ऐकू आलं नाही म्हणून गलका केला, तेव्हा त्याला माझं नाव घेऊन सगळं पुन्हा सांगावं लागलं.

माझ्या अ‍ॅम्पवर त्याचा सेट झाल्यावर आम्ही त्यानं शेवटी वाजवलेलं माझंच गाणं पहिलं घेतलं. कसं गायचं असतं ते त्यानं कोपऱ्यात उभं राहून ऐकलं.

निघताना त्यानं हात पुढे केला. मी वायर गुंडाळत होते, ती गुंडाळतच राहिले. राग गेला का, असं मैत्रिणीनं वाटेत विचारलं. नव्हता गेला. पण त्या रात्री मी पोटभर जेवले.