मामांची पेशी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या एका छापखान्यात उभी होते. हातातल्या मोर्च्याच्या पत्रकाची शाई अजून ओली होती. मामी एवढंच म्हणाली, "ये पोरी. संपलं." खुटबावला मामांच्या घरी पोचेपर्यंत मनात एकही घोषणा आली नाही. त्याला आता काही आठवडे झाले... अजूनही येत नाही.

मला पत्रकं वाचायला मामांनीच शिकवलं, शाळेच्या पुस्तकाआधी. आमच्या वस्तीच्या रस्त्याचा दावा ते दौंडच्या कोर्टात वर्षानुवर्षं लढवत होते. वाट अडवणारे बदलले, वकील बदलले, साहेब बदलले. मामांचा पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा तेवढा तोच राहिला. पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या दिवशीच तो अंगात जायचा, मनगटाची बटणं लावून. निकाल काही लागला नाही.

मग उजवा हात थरथरू लागला. वरवंडच्या हॉटेलात चहा बशीत सांडला तेव्हा ओळखीच्या एकानं टोमणा मारला, "काय मामा, सकाळीच?" गावातली दारूभट्टी बंद करायला लावणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. मामा हसले. "आरं, तुझ्या कपातला च्या गप बसतो, माझ्यातला आंदोलन करतो." पण त्यानंतर त्या हॉटेलात पाय ठेवला नाही. पुण्यात पार्किन्सनचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, आणि तिथल्याच एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "आमच्या अभ्यासासाठी थोडं रक्त द्याल का? तुमच्या पेशी बघायच्यात."

"कंच्या कोर्टात?" मामांनी विचारलं.

बाई आधी गोंधळल्या, मग हसून खुर्ची जवळ ओढून बसल्या. शरीर प्राणवायू वापरतं तेव्हा काही जहाल घटक तयार होतात, त्या सांगू लागल्या. ते आवरले गेले नाहीत, तर लोखंडाला गंज चढावा तशी पेशींची नासाडी होते. मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशींचं असंच काही होत असावं. आणि एरवी रोगांशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच या आजारात त्यात भर घालतात का, हे त्यांना शोधायचं होतं. पक्कं अजून कुणालाच ठाऊक नाही, तुम्हाला स्वतःला याचा फायदा होणार नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. तुलनेसाठी त्याच वयाच्या निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. मामी तयार झाली.

"म्हंजी ही समोरची पार्टी!" मामा म्हणाले.

"जल्मभर शेजारी बसले, आता समोर बसते," मामी म्हणाली.

मी भडकले. रक्त आमच्या माणसांचं, आणि उद्या औषध निघालं तर ते परवडणार कुणाला? नुसतं निदान व्हायला आम्हाला पुणं गाठावं लागतं... हे सगळं मी मामांना ऐकवलं, आणि त्यातला एक शब्दही आज मागे घेणार नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बरुबर हाय तुझं. त्येचं पत्रक काढ. मी सही करतो, वाकडी आली तर आली. पर रक्त देणार. ह्यो हात कशानं हालतोय, त्येचा तरी निकाल लागू दे. एक निकाल ऐकून मरायचं हाय मला."

रक्त द्यायला ते तोच पांढरा सदरा घालून गेले. बटणं मामीनं लावली. बोटांना जमत नव्हतं. नर्सनं डावी बाही कोपरापर्यंत दुमडली. परतताना गाडीत मामा पुन्हा पुन्हा विचारत होते, "पुढची तारीख कवा?" पुष्कळ लोकांचं रक्त जमलं की मगच काही सांगता येतं, एकट्याचा निकाल नसतो, हे बाईंनी समजावलं होतं. मामांना ते पटलं नाही... किंवा पटलंही असेल, विचारायची सवय सुटत नसेल. त्यानंतर सदरा पुन्हा अंगात गेला नाही. चेहरा गोठला, आवाज खोल गेला, घास गिळता येईना. शेवटी न्यूमोनिया. त्या दिवसांतही पुटपुटत त्यांनी मामीला विचारलेलं मी ऐकलं, "आली का तारीख?"

परवा मामांचे कपडे आवरायला गेले. बाकीचे वाटून टाकायचे ठरले होते. पांढरा सदरा खिळ्याला होता, उजवी बाही मनगटापर्यंत सरळ, डावी कोपरापर्यंत दुमडलेली, नर्सनं दुमडली तशीच. घडी सोडवायला मी हात घातला.

"ऱ्हाऊ दे," मामी म्हणाली. "निकालाला दोन्ही पार्ट्या हजर लागत्यात."