बाबांच्या काट्यांची धार

मुलुंडच्या आमच्या वन-बीएचकेत झाडावर चढायचे काटे होते आणि झाडावर चढणारं कुणीही नव्हतं.

काटे म्हणजे नडगीला चामडी पट्ट्यांनी बांधायचे दोन लोखंडी दांडे, प्रत्येकाला घोट्याच्या आतल्या बाजूला एक टोकदार दात. बाबांनी पालिकेच्या उद्यान खात्यात नोकरीभर वठलेली झाडं उतरवली ती या काट्यांवर. (जिवंत झाडाला ते काटा लावत नसत, तिथे नुसता दोर.) रिटायर होताना लोक घड्याळ घेऊन येतात, बाबा काटे घेऊन आले.

दर खंडेनवमीला त्यांची पूजा व्हायची. त्याआधी बाबा बाल्कनीत बसून टोकांवर कानस फिरवायचे, पट्ट्यांना एरंडेल चोळायचे, बकल ओढून बघायचे. लहानपणापासून मला एकच धडा: टोक पटाशीसारखं ठेवायचं, सुईसारखं नाही. मी शेजारी बसून मान हलवायचो. लोखंडाचा आणि एरंडेलाचा तो वास कुठे आला की मला अजून बाबा आठवतात आणि बरं वाटतं.

पुढे बाबांची नजर कमी झाली, हात थरथरायला लागला. आईला वाटलं, यांच्याच्याने आता धार होत नाही. तिने गुपचूप विळी-कातरीबरोबर काटेही धारवाल्याला दिले. मला ते ठाऊक नव्हतं. बाबा आंघोळीला गेले की मीही कानशीचे चार हात मारून घ्यायचो. माझ्या बायकोला, मनीषाला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने मोबाइलवर व्हिडिओ बघून पॉलिश पेपर आणला आणि तीही गुपचूप टोकं घासायची. बाबा पूजेआधी टोकाला बोट लावायचे आणि खूश व्हायचे.

"बघ, हात अजून शाबूत आसा माझो," म्हणायचे. आणि त्या आनंदात स्वतः आणखी कानस मारायचे.

अशी बरीच वर्षं गेली. मग आमच्या सोसायटीतला एक माड किड्याने खाल्ला. शेंडा गळून पडला, नुसता खांब उरला. परवानगी आली, कंत्राटदार ठरला. सेक्रेटरीने बाबांना सहज विचारलं की काका, झाड बिल्डिंगवर न पडता मैदानाकडे कसं पाडायचं? बाबा म्हणाले, वर दोर बांधायला हवा. सेक्रेटरीने फक्त सल्ला मागितला होता, पण बाबा घरी येऊन काटे काढून बसले.

बाबांची अँजिओप्लास्टी झालेली, गुडघे वाजणारे. आई रडून झाली, मनीषा डॉक्टरांचं नाव घेऊन झाली. नाही म्हणावं तर माणूस मनातून खचणार, हो म्हणावं तर माडावरून पडणार. शेवटी मी म्हणालो, "बाबा, तुम्ही खालून सांगा, मी चढतो."

बाबांनी माझ्या पोटाकडे बघितलं. "तू? तुका माळ्यावरचो डबो काढूक जमणा नाय." पण काटे माझ्याकडे सरकवले.

माझा बेत साधा होता. दोन पावलं चढायचं, चक्कर आली म्हणायचं आणि उतरायचं. मग कंत्राटदाराचा माणूस चढेल आणि बाबांचा मानही राहील. एवढ्याशा उंचीला कमरेचा दोर कशाला, म्हणून तो मी खालीच ठेवला.

रविवारी सकाळी सगळी सोसायटी जमली. मी पायांना काटे बांधले, खोडाला मिठी मारली (पोटामुळे ती अर्धीच बसली) आणि उजवा पाय मारला. पिकल्या पपईत सुरी जावी तसा काटा आत गेला. डावा मारला, तोही गेला. सोसायटीने टाळ्या वाजवल्या. मी चक्कर आल्याचं जाहीर केलं आणि उजवा पाय ओढला.

तो निघेना. डावा ओढला, तोही निघेना. हात सोडावेत तर मी मागे उलटणार आणि पाय झाडातच राहणार! जमिनीपासून गुडघाभर उंचीवर मी माडाला चिकटून उभा होतो आणि समोरच्या विंगमधून लोक व्हिडिओ काढत होते.

बाबा काठी टेकत आले, वाकून बघितलं.

"ही सुई कोणी केल्यान?"

मी खोडाकडे बघत होतो, मनीषा चपलेकडे. मग आई पुढे झाली.

"तुमीच केल्यात. दुसरा कोण करतला?"

बाबांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "हात जरा जास्तच चललो म्हणायचो," म्हणाले, आणि चेहरा असा खुलला की माझा पाय मोडला असता तरी मला चाललं असतं.

मग त्यांनी वॉचमनची खुर्ची मागवली. माझ्या कमरेला आणि खोडाला दोर बांधायचा, म्हणजे हात मोकळे होऊन मला पट्ट्या सोडवता येणार होत्या. मनीषा हळूच म्हणाली की हे तर खाली उभं राहूनही होईल. आईने तिचा हात दाबला. "चढू दे गं त्यांना."

बाबा चढले. एका हाताने माड धरला, थरथरत्या बोटांनी गाठ मारली, ती जराही सैल नव्हती. "सोड हात," म्हणाले, आणि मी सोडले. पट्ट्या आणि मग दोर सोडवून मी उतरलो. काटे माडातच राहिले. बाबा मात्र बराच वेळ खुर्चीवर उभे राहून कंत्राटदाराला झाड कुठल्या बाजूला पाडायचं ते सांगत होते.

बाबांना चढावं लागू नये म्हणून मी चढलो होतो. पण त्या दिवशी आमच्या घरातलं सगळ्यात उंच कोण चढलं, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच आहे: बाबा, प्लास्टिकच्या खुर्चीवर.