मैदानावर बसवलेली मेंढरं

ती सव्वीस जानेवारी आठवते ती आधी वासातून… दंवानं ओलावलेली माती, आदल्या दिवशी आखलेली पांढरी फक्की, आणि त्या दोन्हींवर पसरलेला मेंढरांचा उबट, उग्र दर्प. झेंडावंदनासाठी इस्त्रीचे गणवेश घालून आलेली मुलं शाळेच्या फाटकाशीच खोळंबली होती, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. ध्वजस्तंभापासून थेट कुंपणापर्यंत लेंड्याच लेंड्या. रात्री कुणीतरी मैदानावर कळप बसवला होता. मुलं नाकाला रुमाल लावून खिदळत होती. मी हसत नव्हते. कुंपणाच्या तारेला अडकलेला करड्या लोकरीचा पुंजका मी पाहिला होता, आणि मातीत उमटलेले आमच्या लंगड्या मेंढीचे खूरही.

आमचं गाव घोडनदीच्या काठचं. गावाबाहेर आमची धनगरवस्ती आणि दोहोंच्या मधोमध शाळा. पूर्वी पाच वाजले की फाटकाला कुलूप लागायचं. मग मी चौथीत असताना नवे मुख्याध्यापक आले – आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो – आणि त्यांना हे काही केल्या पटेना. बोअरला मुबलक पाणी, व्हरांड्यात दिवे, एवढं ऐसपैस मैदान, आणि अर्धा दिवस सगळं कुलपात! त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर संध्याकाळीही फाटक उघडं ठेवलं, रात्रीचं कुलूपही सोडून दिलं. नळाखाली हंड्यांची रांग लागू लागली, माळ्यांच्या बायका व्हरांड्यातल्या दिव्यांखाली शेवंती निवडू लागल्या, आणि त्या फुलांच्या ओल्या, कडवट गंधात आम्ही पाढे घोकू लागलो. तोवर आई अर्ध्या कोसावरच्या विहिरीवरून पाणी आणायची. शाळेचा नळ मिळाल्यापासून ती संध्याकाळी कधीकधी उंबऱ्यात नुसतीच बसलेली दिसे… आईला बसलेली पाहण्याची सवय नसल्यामुळे मला सुरुवातीला ती आजारीच वाटली होती.

माझे आजोबा – आबा – तेव्हा सत्तरीला टेकले होते. घरातल्या बाकीच्यांनी शेती धरली. आबांनी मात्र आपली पन्नासेक मेंढरं सोडली नव्हती. उन्हाळ्यात मांडवगणपर्यंतचे बागायतदार त्यांना आर्जवानं बोलावून न्यायचे. रात्रभर कळप वावरात बसवायचा, लेंड्यामुताचं खत जमिनीला मिळायचं आणि त्याबदल्यात घरी पायली-दोन पायली ज्वारी यायची. फुकट कळप बसवणं म्हणजे आबांच्या लेखी सख्ख्या भावालाच द्यायची गोष्ट.

झेंडावंदनाच्या आधी गुरुजींनी वर्गात सांगितलं होतं की शाळा साऱ्या गावाची आहे, ज्याला जे जमेल ते त्यानं द्यावं. कुणी जिलेबी कबूल केली, कुणी मांडव, माळ्यांनी शेवंतीच्या माळा. मी ही यादी घरी येऊन मोठ्या फुशारकीनं आबांना ऐकवली. ते तळहातावर तंबाखू मळत राहिले.

"आन् आपुन काय देनार?" मी विचारलं.

"बघू की," आबा म्हणाले, "मैदानाची माती लई रोड झालीया."

करायला गेले एक आणि झालं भलतंच, ते असं. उजाडायच्या आत ते कळप घेऊन नदीकडे निघूनही गेले होते. दिलेल्याचा गवगवा करणं त्यांना आवडत नसे.

शाळा समितीचे एक सदस्य फाटकाशी हातवारे करत होते. "मी म्हनलंच व्हतं गुरुजी, उघडं ठिवू नका. आज मेंढरं बसावली, उद्या म्हशी बांधत्याल."

गुरुजी आमच्याकडे वळले. वस्तीत चार कळप होते, शिवाय नदीकाठी परगावचे मेंढपाळही उतरलेले. त्यांना तरी कसं कळावं? "कुणाची मेंढरं होती, कुणाला माहीत आहे का?" ते शांतपणे म्हणाले. "मी रागावणार नाही. नाव कळलं तर समितीला समजावता येईल. नाही कळलं, तर फाटक बंद करावं लागेल. माझं काही चालणार नाही."

मला सगळं समजलं होतं – नळ, दिवे, उंबऱ्यात बसलेली आई, सगळं. पण माझ्या अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून बाकावर सरकून बसणाऱ्या मुली, माझी भाषणासाठी निवड झाल्यापासून कुठे जवळ येऊ लागल्या होत्या… मी मूग गिळून गप्प बसले. सगळ्यांबरोबर खराटा घेतला, मैदान झाडलं, आणि मग खणखणीत आवाजात भाषण केलं. टाळ्याही मिळाल्या. लेंड्यांची रास तेवढी एका बागायतदारानं दुपारच्या आत घमेल्यांनी उचलून नेली. खताची पारख त्याला होती.

संध्याकाळी आबा परतले. "गुरुजी काय म्हनले?"

"लई चांगलं केलं म्हनले."

त्यांनी नुसती मान हलवली, पण चेहरा उजळला होता. तेवढ्यात आई रिकामे हंडे घेऊन आली. कुलूप लागलेल्या फाटकाशी जमलेल्या बायकांकडून तिला सारं कळलं असावं. तिनं आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"नळ बिघडलाय," ती म्हणाली, आणि तशीच विहिरीच्या वाटेला लागली.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात… माळ्यांच्या बायकांचे दिवे गेले, वर्षभरात गुरुजींची बदली झाली. आबांच्या कानावर खरं कधी आलं की नाही, मला ठाऊक नाही. शाळेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मी आता दौंडला शिकवते. परवा गावात सभा होती – शाळेचं मैदान आणि वाचनालय संध्याकाळी लोकांना खुलं करावं का, यावर. जुनी विद्यार्थिनी म्हणून मलाही बोलावलं होतं. चर्चा रंगात आली असताना एक तरुण सदस्य उठून म्हणाला, "न्हाई जमायचं. मागं उघडं ठिवलं व्हतं, तवा कुनी तरी मेंढरं बसावली. नाव सुदीक सांगितलं न्हाई कुनी." तो तेव्हा जन्मलाही नसेल.

मी उभी राहिले. "ती आमची मेंढरं होती," मी म्हटलं. "आमच्या आबांनी मैदानाला खत दिलं होतं. मला तेव्हाच माहीत होतं."



"असू द्या हो ताई," अध्यक्ष हसून म्हणाले, "लई जुनी गोष्ट झाली." आणि त्यांनी पुढचा विषय घेतला. फाटक उघडायचा ठराव पुढच्या सभेवर गेला.

वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की मोकळं वाटेल. वस्तीत नळ यायला पुढे चार वर्षं लागली होती. त्या चार वर्षांत आईनं विहिरीवरून आणलेल्या पाण्यातला एक हंडाही माझ्या त्या वाक्यानं हलका झाला नाही.